पाचवीचा फोटो

अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजकडं जाणाऱ्या रस्त्याला मोहिनीचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, छोटा प्रिंटर आणि गिऱ्हाइकाला बसायला बाकडं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे फोटो ती तयार करते आणि मोठी छपाई लातूरहून करून आणते. तिचे वडील धर्मापुरीच्या माळावर मेंढरं राखायचे. ती बारावीनंतर एका छापखान्यात टायपिंगला लागली आणि फोटोचं काम तिथंच बघून बघून शिकली. नवरा अपघातात गेल्यावर याच कामावर तिनं लेकीला वाढवलं.

गेल्या उन्हाळ्यात धर्मापुरीजवळच्या एका वस्तीवरून भागवत आला. त्याची आई चंद्रभागाबाई सुईण होती. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, तरी पाचवीची पूजा मांडायला आणि बाळाला न्हाऊ घालायला बाया तिलाच बोलवायच्या. ती वारली त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला तिचा मोठा फोटो समाजमंदिरात लावायचं गावानं ठरवलं होतं.

भागवतनं मोबाईल पुढं केला. "ताई, आईचा एवढाच फोटो हाय. तिला फोटोचं लई वावडं."

फोटो कुणाच्या तरी पाचवीचा होता. चंद्रभागाबाई मांडीवर बाळ घेऊन हसत होती. बाळाचा हात तिच्या हनुवटीवर होता.

मोहिनीनं तो मोठा करून दाखवला. डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन दिसू लागले. "दादा, हा फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरत आलाय, बारीक झालाय. छापला तर चेहराच राहणार नाही. मूळ फोटो ज्या मोबाईलवर काढला, तो आणा."

भागवतनं मोबाईल परत घेतला. "त्यो मोबाईल अंजूचा हाय. भावकीतली सून. बघतो."

दोन-चार दिवसांनी तो अंजूला घेऊन आला. पंचविशीची, ऊसतोडीहून नुकतीच परतलेली बाई. काच तडकलेला मोबाईल तिनं मोहिनीच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमीच काढा. मी उघडीत न्हाई त्यो फोटो."

मूळ फोटो स्वच्छ होता. चंद्रभागाबाईच्या कपाळावरचं गोंदण, पापण्यासुद्धा दिसत होत्या. मोहिनीनं कामाला सुरुवात केली. मागची भिंत, ताटं, बायांचे पदर काढून टाकले. पडद्यावरचे रंग छापताना मळकट होतात, म्हणून छपाईचे रंग लावून लुगड्याचा हिरवा सावरला. मग भागवत म्हणाला, "आता ते बाळ काढा. मंदिरात आईचा एकटीचाच पाहिजे."

मोहिनीनं बाळ काढलं. मांडी रिकामी झाली आणि हात होता तिथं हनुवटीच उरली नाही. तिनं गालाचा रंग ओढून नवी हनुवटी बसवली. भागवत बराच वेळ बघत राहिला. "आईसारखी दिसंना."

अंजू बाकड्यावरून उठून जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, काढलेलं कुठं जातं? ते टाकून देऊ नका. त्येचा दुसरा फोटो न्हाई."

मोहिनीचा हात माऊसवरच थांबला. अंजू खाली बघत सांगू लागली. बाळ तिचंच होतं. पाचवी झाली आणि बारशाच्या आधीच लेकराला ताप आला. दवाखान्यात नेलं, पण राहिलं नाही. त्यानंतर चंद्रभागाबाई रोज येऊन तिच्याजवळ बसायच्या. काही बोलायच्या नाहीत, डोक्याला तेल लावायच्या.

"ह्ये त्येच लेकरू हाय, मला सांगितलं न्हाई कुणी," भागवत म्हणाला. "मी उसाच्या फडावर गेलतो तवा." त्यानं गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं. "ताई, राहू द्या त्येला. आईच्या मांडीवर हाय, तिथंच राहू द्या."

मोहिनीनं काढलेलं बाळ परत आणलं. हनुवटी पुन्हा बाळाच्या हाताखाली गेली. तिनं खाली चंद्रभागाबाईंचं नाव टाकलं, लातूरच्या मशीनवर अक्षरं फुटू नयेत म्हणून त्या अक्षरांचंच चित्र करून घेतलं आणि चारी बाजूंना कापायला जागा सोडली. मग बाळाचा वेगळा, तळहाताएवढा फोटो केला. तो जपून ठेवताना तिनं विचारलं, "फाईलला काय नाव देऊ?"

अंजू पडद्याकडं बघत म्हणाली, "बारसं झालंच न्हाई. आमी ठरवलंतं, सिदू. मोठ्यानं कदी म्हणलं न्हाई."

मोहिनीनं ते नाव टाइप केलं. अंजूला वाचता येत होतं. पडद्यावरची ती दोन अक्षरं तिनं बोट न लावता वाचली, आणि पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसली. भागवत बाहेर जाऊन उभा राहिला. मोहिनीनं तिला पाणी दिलं, शेजारी बसली.

वर्षश्राद्धाला मोहिनी मुद्दाम वस्तीवर गेली. समाजमंदिरात फोटो लावला होता. पहिली पंगत उठल्यावर बाया एकेक करून पुढं येत होत्या, चंद्रभागाबाईला हात जोडत होत्या, आणि बाळ कुणाचं ते एकमेकींना सांगत होत्या. अंजूच्या सासूनं तर त्याचं नावही सांगितलं. अंजू जरा लांब दुसऱ्या पंगतीत वाढत होती. तिनं ते ऐकलं, आणि भाकरीची पाटी उचलून ती पुढच्या पानाकडं गेली.

मोहिनी अजूनही फोटोंतून माणसं काढते, तेच तिचं काम आहे. पण काढायच्या आधी ती गिऱ्हाइकाला विचारते, हे कोण आहे.