ट्रान्सफॉर्मरच्या मागे आलेलं वऱ्हाड

१९ मे. सकाळचं काम बॅटऱ्यांचं होतं. रेडिओ सेटच्या वापरलेल्या बॅटऱ्या जनरेटरवर चार्जिंगला लावायच्या, टर्मिनलवर जमलेला पांढरा थर गरम पाण्याने धुवायचा, कोरडं करून वर व्हॅसलीन लावायचं. हे काम जवानाचं असतं. पण माणसं कमी होती आणि नाईक शिंदे ट्रकमधून डिझेलचे डबे उतरवत होता, म्हणून मी करत होते. तेव्हा मी सिग्नल्समध्ये कॅप्टन होते.

आम्ही अहेरीच्या पुढे, प्राणहिता नदीच्या अलीकडे एका गावात होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांची घरं अजून त्या भागात आहेत.

बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ तेलंगणातून आमच्याकडे येईपर्यंत दमतं. एरवी नुसता पाऊस पोचतो. त्या वर्षी ते दमलं नाही. रस्त्यावर सागाची झाडं आडवी झाली, विजेचे खांब वाकले, मोबाईलचे टॉवर बंद पडले. प्रशासनाने सेनेची मदत मागितली. माझ्या डिटॅचमेंटला, म्हणजे लहान तुकडीला, मिळालेलं काम सरळ होतं. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जनरेटरवर वीज द्यायची, म्हणजे लशी आणि सर्पदंशाच्या औषधाचा फ्रीज चालू राहील, बाळंतपणाच्या खोलीत दिवा राहील. आणि बल्लारपूरच्या कंट्रोलशी रेडिओ संपर्क ठेवायचा.

कंट्रोलवर कॅप्टन विलास उरकुडे होता. तो माझा नवरा.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्यातला बहुतेक काळ तो राजस्थानात आणि मी आसामात. नकाशा पाहिला तर हे आमचं लग्नानंतरचं सर्वांत जवळचं पोस्टिंग होतं. तो तर त्याच्या स्वतःच्या गावात होता. त्याचे वडील बल्लारपूरच्या कागद कारखान्यात कामाला होते. कंट्रोल ज्या शाळेत उभं केलं होतं, त्याच शाळेत तो शिकलेला.

लोक मला विचारतात, मग तुम्ही दिवसभर बोलत असाल. नाही. रेडिओ नेटवर नाव घ्यायचं नसतं आणि खाजगी बोलायचं नसतं. सगळी स्टेशनं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. दोघं गप्पा मारत बसले तर तिसऱ्याकडचा जखमी माणूस खोळंबतो. नियम बरोबर आहे. तेव्हाही मला तो बरोबर वाटायचा.

विलासने नियमात बसणारी एक गोष्ट शोधली होती. प्रत्येक स्टेशनची बॅटरी स्टेट दिवसातून एकदा घ्यायची असते. माझी, म्हणजे डेल्टा स्टेशनची, तो तीनदा घ्यायचा.

"कंट्रोल फॉर डेल्टा. बॅटरी स्टेट? ओव्हर."

"डेल्टा फॉर कंट्रोल. फुल. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

शिंदे साताऱ्याचा. एका संध्याकाळी तो म्हणाला, "मॅडम, दुपारीच दिली होती की आपण."

"पुन्हा विचारली, पुन्हा दिली."

"बरोबर आहे. बॅटरीचा काय भरवसा," असं म्हणून तो चहा टाकायला बाहेर गेला. त्यानंतर कंट्रोलचा कॉल आला की त्याला हटकून बाहेर काम निघायचं.

सेटचं बटण दाबलं की बोलण्याआधी माणूस अर्धा श्वास घेतो. तो ऐकू येतो. विलासच्या श्वासामागे बल्लारपूरच्या यार्डातलं मालगाडीचं शंटिंग ऐकू यायचं. त्या अर्ध्या सेकंदासाठी मी हेडफोन कानावर घट्ट धरायची. मग तो "कंट्रोल फॉर डेल्टा" म्हणायचा आणि कामाचं बोलणं सुरू व्हायचं.

आरोग्य केंद्राच्या ओट्यावर मोबाईल चार्ज करायला रांग असायची. रेंज नव्हती, पण त्या साध्या फोनला टॉर्च होता. अंधारात साप-विंचू बघायला तेवढा पुरायचा. रांगेत सर्वांत पुढे पार्वताबाई. वय झालेलं, जीभ मात्र धारदार.

"मॅडमबाई, तुमचे घरचे कुठी राह्यते?"

"बल्लारपूरला आहेत सध्या."

"मंग इथी काऊन नाई येत?"

"ऑर्डर नाही."

"घ्या. आमचा बुढा त ऑर्डर नसली तरी जेवाच्या टायमाले बरोबर हाजर होऊन राह्यते."

रांग हसली. मग बोलणं शेजारच्या गावातल्या लग्नावर गेलं. ते गाव आमच्या रस्त्यावरच, अलीकडे. दादाजीभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. वादळ आलं म्हणून पुढे ढकलायचं असं कोणी सुचवलं, तर पार्वताबाई म्हणाल्या, "हळद लागली ना पोरीले. हळदीची पोरगी घरात ठेवते का कोणी? होईल लगन. आलापल्लीहून जनरेटर आणला हाये मांडवाले."

आरोग्य केंद्राचा ट्रान्सफॉर्मर खांबासकट कोसळला होता. नवीन आल्याशिवाय आम्ही तिथून हलणार नव्हतो. एकोणीसच्या सकाळी मी बॅटऱ्या करत असताना कॉल आला.

"कंट्रोल फॉर डेल्टा. ट्रान्सफॉर्मर लोड झाला. कॉन्व्हॉय निघतोय. ई.टी.ए. पंधराशे. कॉन्व्हॉय कमांडर मी स्वतः. ओव्हर."

"रॉजर. आऊट," मी म्हणाले.

"कंट्रोल फॉर डेल्टा. मेसेज समजला? ओव्हर."

"समजला. आऊट."

पंधराशे म्हणजे दुपारचे तीन. शिंदेने डिझेलचा डबा खाली ठेवला आणि नदीकडे बघत उभा राहिला. मी राहिलेल्या टर्मिनलना व्हॅसलीन लावलं. हात साबणाने दोनदा धुतले. युनिफॉर्मचा दुसरा जोड दोरीवर होता, तो वाळला का पाहिलं. वाळला नव्हता. ओलाच घातला.

दुपारी विलास गाडीतल्या सेटवरून बोलला.

"कॉन्व्हॉय फॉर डेल्टा. माझ्यामागे एक वऱ्हाड आहे. ट्रॅक्टरवर. ओव्हर."

"सिव्हिल गाड्या कॉन्व्हॉयमध्ये नकोत. ओव्हर."

"कॉन्व्हॉयमध्ये नाहीत, मागे आहेत. झाडं आम्ही कापतोय, रस्ता ते वापरतायत. नवरदेव सकाळपासून उपाशी आहे. ओव्हर."

"रॉजर. नवरदेव उपाशी. आऊट."

नेटवर इतकं मोकळं मी त्याआधी बोलले नव्हते. त्यानंतरही नाही.

तीनला थोडा वेळ असताना सेट पुन्हा वाजला. आवाज विलासचा नव्हता. त्याचा ड्रायव्हर, लान्स नाईक यादव.

"कॉन्व्हॉय फॉर डेल्टा. कॅज्युअल्टी एक. करंट लगा है. ओव्हर."

"कंडिशन बताओ. ओव्हर."

"साँस नहीं है, मॅडम. छाती दबा रहे हैं. ओव्हर."

"रँक? ओव्हर."

सेट चालू होता. यादवने बटण दाबलेलं मला ऐकू आलं, त्याचा अर्धा श्वासही. मग म्हणाला, "कॅप्टन साहब. ओव्हर."

कॉन्व्हॉयमध्ये कॅप्टन एकच होता. मी म्हणाले, "रॉजर. छाती दबाते रहो, रुकना नहीं. गाड़ी में लेके इधर आओ. डॉक्टर तैयार है. आऊट." डॉक्टरांना सांगितलं. शिंदेने ओटा रिकामा केला. पार्वताबाईंनी स्वतः दोन बाया धरून दाराबाहेर नेल्या. मी जनरेटरचं डिझेल पाहिलं आणि बाळंतपणाच्या खोलीतला दिवा टेबलावर ओढला.

ठरलेल्या वेळेलाच तो आला. डॉक्टर आणि जवान आळीपाळीने प्रयत्न करत राहिले. डॉक्टर तरुण होते, थांबायला तयार नव्हते. शेवटी मीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

काय घडलं ते यादवने आणि कॉन्व्हॉयबरोबर आलेल्या लाईनमन पोचन्नाने सांगितलं. लग्नाच्या गावात खांब वाकून तारा रस्त्यावर लोंबत होत्या. ट्रान्सफॉर्मर चढवलेला ट्रक त्याखालून जात नव्हता. वरची लाईन सगळीकडे बंद होती. तरी विलासने टेस्टर लावून बघितलं. लाईन डेड. बांबू तोकडा पडत होता, म्हणून जवानांना मागे उभं करून त्याने पहिली तार स्वतः हाताने उचलली.

तेवढ्यात मागचं वऱ्हाड ट्रॅक्टरवरून उतरलं आणि आडवाटेने जानोशाला गेलं. आमच्याकडे नवऱ्याकडच्या मंडळींना नवरीच्या घरी उतरवत नाहीत. त्यांचा मुक्काम वेगळ्या घरी असतो, तो जानोसा. त्या लग्नाचा जानोसा गल्लीच्या टोकाला शाळेत होता. जनरेटर इकडे मांडवात. पाहुणे आले आणि शाळेत पंखा नाही, हे चालणार नव्हतं. तेवढी लांब वायर गावात नव्हती. पण तारेवर आकडे होते, मांडवाजवळ एक आणि शाळेजवळ एक. वीज चोरून घ्यायला जसे असतात तसे. मांडवातल्या माणसांनी जनरेटर तिथल्या आकड्याला जोडला आणि चालू केला. वीज तारेवर चढली. शाळेतला पंखा फिरला. तीच तार रस्त्यावर विलासच्या हातात होती.

संध्याकाळी उजेड असतानाच दादाजीभाऊ चालत आले. नवरीच्या बापाचा फेटा त्यांनी डोक्यावरून काढून काखेत धरला होता. ओट्याखालीच उभे राहिले.

"बाई, आमी जन्मभर आकड्यानं करंट घेतला," ते म्हणाले. "देल्ला कधी नोता. थो उलटा जाऊन माणूस मारते, हे मालूम नोतं आमाले."

त्यांना माहीत नव्हतं, हे खरं होतं. माझ्याजवळ त्यांच्यासाठी राग असायला हवा होता. त्या वेळी तरी सापडला नाही.

"लग्न लागलं?" मी विचारलं.

"नाई. थांबवलं. कसं लावू?"

"वऱ्हाड कुठे आहे?"

"शाळेतच. जेवलं नाई कोणी."

"त्यांना आणायला साहेबांनी वाटेतली झाडं कापली आहेत. परत पाठवू नका. जेवू घाला आणि लग्न लावा. जनरेटर बंद ठेवा. कंदिलावर लावा."

ते बसले. तिथेच मातीत बसले आणि रडले. पार्वताबाई म्हणाल्या, "उठा दादाजी. मॅडमबाई सांगून राह्यल्या ना. पोरगी वाट पाहत असंल." त्यांनीच त्यांना उठवून वाटेला लावलं. मग माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि मी तो पिईपर्यंत हलल्या नाहीत.

पुढे मी मेजर म्हणून निवृत्त झाले. आता भद्रावतीला राहते. वादळवाऱ्याने लाईट गेली आणि कॉलनीत कुठे जनरेटरचा आवाज आला, की मी चपला घालून जाते. "मेन स्विच पाडला का आधी?" मुलांनी मला मेनस्विचवाली मॅडम असं नाव ठेवलं आहे. चालेल. तुम्हीही एवढं ध्यानात ठेवा. तुमच्या घरातली वीज बाहेर जाऊ शकते, आणि बाहेर तारेला हात लावून कोणी उभा असू शकतो.

विलास एकोणतीस वर्षांचा होता. त्याला माशांचं कालवण फार आवडायचं आणि काटे काढायचा कंटाळा होता. घरी तो "जेवली काय?" असं विचारायचा, आणि मी हो म्हटलं तरी पुन्हा ताट वाढायचा. मी आता पन्नाशीला आले आहे. आरशात पाहताना कधी वाटतं, ही बाई त्याला ओळखू आली नसती. लाईट जाते, पंखा थांबतो, घरातले सगळे बारीक आवाज बंद होतात. त्या शांततेत मी थोडी थांबते. रेडिओ नेट बंद आहे हे मला माहीत असतं. मग उठून मेणबत्ती शोधते.

वीस तारखेच्या सकाळी कंट्रोलवर नवा अधिकारी होता. त्याने ऑर्डर दिली की डिटॅचमेंट शिंदेकडे सोपवून मी विलासला नेणाऱ्या गाडीबरोबर निघायचं. मी एक तास मागितला. पोचन्ना, शिंदे आणि मी लांब बांबू घेऊन गावाच्या सगळ्या गल्ल्या फिरलो आणि तारेवरचे आकडे एकूणएक पाडले. कोणी हरकत घेतली नाही. काहींनी आपला आपण काढून दिला. मग मी जनरेटर बंद केला, आणि वरच्या लाईनला वीज आल्यावर रात्री बसवलेला नवा ट्रान्सफॉर्मर चालू केला. आरोग्य केंद्राचा फ्रीज थरथरून सुरू झाला.

यादवने ट्रकचं पुढचं दार उघडलं. "मॅडम, आगे बैठिए. पीछे बहुत धक्का लगेगा."

"पीछे ठीक है," मी म्हणाले आणि मागे चढले.

अहेरी, आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर. कापलेल्या झाडांचे बुंधे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडले होते. रस्ता फुटलेला होता आणि यादव फार हळू चालवत होता. बल्लारपूरपर्यंत मागे विलास आणि मी, आम्ही दोघंच होतो. मी यादवला वेग वाढवायला सांगितलं नाही.