कम्प्युटरला रंग दिसत नाही

आमच्या घरी साडी मागावर चढण्याआधी रंग पास करतात ते सासरे. सकाळच्या उन्हात, दारात उभं राहून, सुताची लडी हातात धरून. ते "हो" म्हणाले की हो. बाकीच्यांना देवानं डोळे उगाच दिलेत.

नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं टसरच्या साड्यांची ऑर्डर दिली, तेव्हा काठाचं डिझाइन मी आमच्या जुन्या कम्प्युटरवर काढलं. गडद जांभळा काठ. रंग चुकला तर सगळा माल परत, असं त्यानं आधीच बजावलं होतं. सासऱ्यांनी स्क्रीन पाहिला आणि निकाल दिला, "हे काळं आहे. या कम्प्युटरले रंगच दिसत नाही."

"मामाजी, मले तं जांभळंच दिसून राहिलं," मी म्हटलं.

"तुले काय समजते रंगातलं?" हे माझा नवरा बोलला. ज्याला आजवर मोज्यांची जोडी जुळवता आली नाही, तो!

दोष कम्प्युटरचाच ठरला आणि मग आठवडाभर घरात ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या भागाचा, उत्सव. नवऱ्यानं मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले की जेवतानाही जीबीच्या गोष्टी. नवं कार्ड घ्यावं तर महाग, जास्त लाइट खाणारं घ्यावं तर आमच्या खटाऱ्याचा पॉवर सप्लाय जळायचा. शेवटी तुमसरच्या दुकानदारानं एक वापरलेलं कार्ड काढलं. "वहिनी, याच्यावर गेम बी मख्खन चालते." अरे बाबा, मला काठ काढायचा आहे, मोटारी उडवायच्या नाहीत! पण मला विचारतंय कोण? कार्ड आलं. कॅबिनेटचं झाकण लागेना, म्हणून ते तसंच उघडं ठेवलं.

सासरे म्हणाले, "काळंच."

आता नवरा हट्टाला पेटला. रंग दारातच पास होतो ना? मग कम्प्युटरही दारात! एक्स्टेंशन बोर्ड ओढत त्यानं अख्खं धूड स्टुलावर नेऊन मांडलं. ऊन थेट स्क्रीनवर. दिसणार काय, कपाळ? आमचीच तीन तोंडं दिसत होती.

सासरे वैतागले. "थांबा, जांभळं कसं असते मी दाखवतो." त्यांनी सुताच्या गठ्ठ्यातून एक लडी ओढली आणि उन्हात धरली. "हे पाहा. याले म्हणते जांभळं."

लडी काळी कुळकुळीत होती.

नवरा एकदम वायरी तपासायला लागला. 

सासऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं. लडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उलटीपालटी केली. मग मला विचारलं, मुलाला नाही. "बाई, खरं सांग. काळी आहे का?"

खोटं बोलले असते तर तीच मागावर चढली असती.

"हो, मामाजी."

"मोतीबिंदू असन, बाबा," नवरा घाईघाईनं म्हणाला. "ऑपरेशन केलं का होते ठीक."

"होईन तेव्हा होईन. ऑर्डर आता आहे." त्यांनी सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला. "रंग तू पाहजो." आणि भिंतीला हात लावत आत गेले.

लग्न होऊन आल्यापासून मला हाच मान हवा होता. त्या सकाळी तो माझ्या ओंजळीत होता, आणि मला तो त्यांना परत द्यावासा वाटत होता.