निवदातले टेकोडे

अकोल्याच्या कारखान्यांमागं जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी होती. भट्टी बंद झाली, शिसं मातीत राहिलं. आमची बोअर तिथून जवळच. बायको तेच पाणी प्याली अन् पोट धरून धरून गेली. डॉक्टर म्हणे, नक्की सांगता येत नाही. मले सांगता येते.

मंग कॉलेजवाले आले. त्या मातीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, मिसळून त्यांनी वाफे केले, त्यात टेकोडे लावले. शहरात त्याले मशरूम म्हणतात. ते मातीतलं शिसं ओढून आपल्या अंगात घेतात. फुगले की उपटायचे अन् झाकणाच्या ड्रमात टाकायचे. पाणी मारायचं काम मले भेटलं. घरी मी सांगत असे, हे टेकोडे माती साफ करतात. सुनेनं तेवढंच धरलं.

पितृपक्षात बायकोची तिथ आली. दुपारी घरी आलो तं दारातच टेकोड्याच्या भाजीचा वास. बायकोच्या जिवाची आवड.

"कुठून आणले?"

"तुमच्याच वाफ्यातून, मामाजी. डबा द्याले आली तवा तोडले. सासूबाईले आवडत होते ना."

सून सात महिन्यांची पोटुशी.

"चाखली का?"

"निवदाचं कोणी चाखते का? अन् झालं काय एवढं? माती साफ करते, मंग पोटही साफच करन."

"मातीतलं सारं शिसं त्याच्यातच हाय, पोरी! मिठासाठी बोटही चाटलं नाही?"

"नाही. सासूबाईची आन."

"पान कुठं हाय?"

"गच्चीवर."

कावळा शिवल्याबिगर आमच्या घरी कोणी घास उचलत नाही. त्या रीतीनंच ती वाचली होती.

धावत वर गेलो. कावळा पानाजवळच. पायातली चप्पल काढून भिरकावली.

शेजारीण तिच्या गच्चीवरून हसली, "काय बुढेबुवा, वर्षभर रडले, अन् आज आली तं तिलेच चप्पल मारून राहिले?"

पानावरची भाजी उकरलेली दिसली. कावळ्यानं नेली का वाऱ्यानं पान हललं, समजलं नाही.

पान अन् भाजीचं पातेलं ड्रमात टाकून आलो. सून रडून राहिली होती, "सासूबाई उपाशी गेल्या."

"जाऊ दे उपाशी. ते विष तिनं एकदा खाल्लं हाय."

आता पाणी टँकरचं पितो. पण लग्न होऊन आली तवापासून सूनही त्याच बोअरचं प्याली हाय. ती जराशी पोटाले हात लावते, अन् माझा घास तोंडातच राहते.