पिठातली पावलं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोयाबीनचे कोंब मोजत होतो. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत माझं तेच काम आहे. ओल्या कागदात शंभर दाणे ठेवायचे, ठरलेल्या दिवशी कागद उलगडायचा आणि उगवले असतील तेवढेच लिहायचे. मी त्र्याऐंशीवर होतो. पलीकडून भाची रेखा म्हणाली, "मामा, आई गेली. चहा ठेव म्हणली अन् गेली..." मी कागद गुंडाळून ठेवला. तो पुन्हा मोजायचा राहिला तो राहिलाच. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

अक्का माझी मोठी बहीण, तीर्थपुरीला दिलेली. दहन करून संध्याकाळी घरी परतलो तर स्वयंपाकघरात, ती गेली त्याच जागी, परातीत पीठ पसरून ठेवलेलं होतं. आमच्याकडे ही रीत आहे. माणूस गेलं तिथे चाळलेलं पीठ हाताने सपाट करायचं, वर टोपलं पालथं घालायचं, शेजारी दिवा लावायचा. सकाळी पिठात ज्याचं पाऊल दिसेल त्या जन्माला जीव गेला, असं धरतात. ते टोपलं बघून मला, अशा वेळी येऊ नये ते, हसू आलं.

वाटूरला, आमच्या गावी, थोरले चुलते तात्या वारले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो, अक्का बारा-तेराची. दारात एक बोकड होता. अक्कानेच त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं, आणि खाटकाशी त्याचा सौदा ठरलेला. तात्यांच्या परातीवरचं टोपलं सकाळी उचललं तर पिठात खुरांचे ठसे. सौदा तिथल्या तिथे मोडला. मोठीआई, म्हणजे तात्यांची बायको, त्या दिवसापासून बोकडासमोर डोक्यावर पदर घ्यायला लागली. महिनाभराने तिची भीड चेपली. पाला टाकताना ती त्याला म्हणायची, "जेवताना ताट सारून उठत होते ना? आता खावा गपगुमान." आम्ही दोघं कुडाआड तोंड दाबून हसायचो. फक्त तिन्हीसांजेला आमचं हसू थांबायचं. तात्या शेतातून यायचे त्या वेळेला बोकड ओसरीवर चढायचा, त्यांच्या खांबाला पाठ लावायचा आणि दाराकडे बघत बसायचा. त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

अक्काच्या लग्नानंतर, एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तो खूर मी काढल्ता, बापू. दोन बोटं अशी तिरपी दाबायची." समोरच्या पिठात तिने करूनही दाखवलं. मी म्हणालो, मला अंदाज होताच. तिचा हात थांबला.

"पण मी एकच काढल्ता. सकाळी दोन होते."

"मोठीआईनं काढला असंल दुसरा."

"असंल," ती म्हणाली आणि पीठ तळहाताने सपाट केलं... तो विषय पुन्हा तिने काढला नाही.

लॉकडाऊनमध्ये भाऊजी दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. कुणाला तोंड बघायला मिळालं नाही. अक्काने घरी त्यांच्या खाटेखाली पीठ मांडलं. सकाळी पीठ कोरं. बाबांना घराची वाटच सापडली नाही म्हणून रेखा ऊर फुटेस्तोवर रडली. अक्का तिला म्हणाली, "लग्नाच्या मांडवात तरी टायमावर आल्ते का तुझे बाबा? येतील. रस्त्यात कुणाशी तरी बोलत उभे राह्यले असतील." रेखा हसली नाही. पुढेही मी तिला फारसं हसताना पाहिलं नाही. रोज दार लावण्याआधी ती उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघायची.

गेल्या दिवाळीत मी तीर्थपुरीला गेलो तेव्हा रेखा बाहेर गेल्याचं बघून अक्का हळूच म्हणाली, "माझ्या टायमाला तू खूर काढ रे. न्हाईतर पोरगी माझीबी वाट बघत बसंल."

"मला न्हाई जमायचं. उगवलं तेवढंच लिहितो मी."

"म्हणून तर तुला सांगून राह्यले. तुझ्यावर बिलकुल शक येणार न्हाई कुणाला."

दहनाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी स्वयंपाकघरात गेलो. टोपलं उचललं. पीठ कोरं, काल सपाट केलं होतं तसंच. अंगणातून रेखा विचारत होती, "मामा, उचललं का?" खाटेखालच्या त्या परातीवर वाकली होती तेव्हाचाच तो आवाज. मी दोन बोटं तिरपी दाबली. एकदाच. टोपलं परत ठेवलं आणि तिथून हाललो नाही. रेखा आत येईपर्यंत माझा हात टोपल्यावरच होता.

"तुम्हीच उचला," ती म्हणाली.

मी टोपलं उचललं. रेखा खाली बसली, बराच वेळ बघत राहिली... आणि हसली. अगदी अक्कासारखी, आधी खांदे आणि मग आवाज.

"घ्या. बाबांनाबी धरून आणलं तिनं."

मी वाकून बघितलं. एकदा मोजून माझं समाधान होत नाही, म्हणून पुन्हा मोजलं. दोन खूर होते, शेजारी शेजारी.

पीठ रीतीप्रमाणे पाण्यात सोडलं. परात घासून रेखाने पुन्हा वापरायला काढली आहे. परवा गेलो तेव्हा ती त्याच परातीत कणीक मळत होती आणि कुणाला तरी बोलत होती, "एवढी कशाची घाई झाल्ती? चहा तरी पिऊन जायचं." मोठीआई बोकडाला बोलायची तोच सूर. आत दुसरं कुणी नव्हतं. ओसरीवर एक शेळी आणि एक बोकड दाराकडे तोंड करून बसले होते.

"शेजाऱ्यांचे हायेत, मामा," रेखा म्हणाली.

शेजारी अंगणातच उभे होते. विचारून खात्री करून घेणं सोपं होतं. मी विचारलं नाही. निघताना मात्र दोघांना वळसा घातला, पाय लागू न देता, आणि मग पायरी उतरलो.