वैमानिकाचे दुसरे बारसे

उजव्या हाताचा अंगठा वर करून तो सूर्य झाकायचा आणि अंगठ्याच्या कडेकडेने आकाश न्याहाळायचा. शत्रूचे विमान सूर्याच्या आडून येते, म्हणून ही सवय, असे त्याचे स्पष्टीकरण होते. लोणखेड्याच्या आकाशात घारीखेरीज कोणी येत नसे. तरी तो कापसाच्या शेतात उभा राहून दिवसातून दहादा अंगठा वर करी आणि बाया तोंडाला पदर लावून हसत.

मी त्याला शहाद्याच्या शाळेत भूगोल शिकवला. नकाशात तापी दाखव म्हटले की तो नर्मदेवर बोट ठेवायचा. असा मुलगा पुढे लढाऊ विमान घेऊन ब्रह्मदेशापर्यंत जातो आणि परतही येतो, याचे श्रेय मी कधी घेतले नाही.

दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाला तरुण हवे होते. हा गेला आणि निवडला गेला. पहिल्या रजेवर आला तेव्हा मिशी, काळा चष्मा आणि शीळ अशा तीन नव्या गोष्टी घेऊन आला. दोन तळहातांची दोन विमाने करून तो चहाच्या दुकानात लढाया दाखवी. एका तळहाताने दुसऱ्याचा पाठलाग करताना शेजाऱ्याचा कप सांडे. क्षमा मागायचे त्याला सुचत नसे. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांना श्रोते लागतात, शेजारी लागत नाहीत.

कापडाच्या दुकानातल्या मारवाडी शेठजींनी त्याला एकदा विचारले, की आजवर शत्रूची किती विमाने पाडली. त्याने सांगितले, एकही नाही. आपले काम खाली उतरून रस्त्यांचे आणि पुलांचे फोटो काढून आणण्याचे. शेठजींनी शांतपणे कापड मोजत म्हटले, "फोटो तो हमारे भानजे के ब्याह में भी निकाले थे. कोई मरा नहीं." दुकान हसले. तोही हसला. त्याच्या बाजूने सांगण्यासारखी ही एक गोष्ट मला आठवते.

त्याचे एक पालुपद होते. गावात भांडण असो, बांधाचा तंटा असो, कोणाच्या घरी मूल दगावलेले असो, तो म्हणे, "वरथीन समदं सारखंच दिसस, मास्तर." हे एवढे कळण्यासाठी सरकारने याच्यावर इतके पेट्रोल का जाळले, असे मी मनात म्हणत असे. एकदा तोंडावरही म्हणालो. त्याने शीळ घातली.

दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोच्या नावाने तार आली. त्याचे आईवडील लहानपणीच गेलेले, घर काकांचे. तार इंग्रजीत होती म्हणून काका ती घेऊन माझ्याकडे आले. मागे दाराशी त्याची बायको उभी होती. वय अठराएकोणीस. मी तार वाचली: कामगिरीवर गेलेले विमान परतले नाही, वैमानिक बेपत्ता.

"बेपत्ता म्हणजे?" काकांनी विचारले. मी अर्थ सांगितला.

"तुम्हले काय वाटस, मास्तर? येई का तो?"

मी शिक्षक. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची मला खोड. मी म्हणालो, "युद्धात बेपत्ता झालेले सहसा परत येत नाहीत." दाराशी उभी असलेली ती खाली बसली.

बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग क्रिया करावी, असा शास्त्राचा नियम आहे. काकांच्या मुलाचे लग्न मात्र दोन महिन्यांवर आले होते. घरावर अर्धवट सुतक टांगून मांडव कसा घालायचा, हा त्यांचा प्रश्न. भटजी नियम सांगू लागले तेव्हा काकांनी माझे वाक्य पुढे केले. मास्तरांनी तार वाचली आहे, मास्तर म्हणतात येत नाही. गोमाई नदीच्या काठी पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा केला, त्याला त्याचे नाव दिले आणि जाळला. तिचे कुंकू पुसले. तेराव्याला मीही जेवलो. पुढे लग्न थाटात झाले.

लग्नानंतर महिन्याभरात तो आला.

विमान जंगलात पडले होते. तिथल्या डोंगरी लोकांनी त्याला लपवले, जगवले आणि पायी पायी आपल्या फौजेपर्यंत पोहोचवले. दंडाला पट्टी, मिशी गेलेली. दहा दिवसांची रजा होती. काकांनी त्याला अंगणातच थांबवले. ज्याची क्रिया झाली तो मेलेला. त्याला घरात यायचे तर पुन्हा जन्म घ्यावा लागेल, बारसे आणि संस्कार करून घ्यावे लागतील, आणि बायकोशी पुन्हा लग्न लावावे लागेल. तोवर ती विधवा. तिने त्याच्यासमोर यायचे नाही.

तो सरळ माझ्या ओसरीवर येऊन बसला.

"मी मरेल नव्हतू," तो म्हणाला. "मंग जलम कसाले लेऊ? चूक त्यास्नी करी, आनि पाळनामा मी बसू?"

त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. सहा दिवस तो तेच म्हणत राहिला. भटजी आले, त्यांना हसला. आत्या आली, तिला हसला. गावाची अक्कल काढत तो माझ्या ओसरीवर पथारी टाकून राहिला आणि माझे जेवण जेवला. पलीकडच्या गल्लीत ती कोऱ्या कपाळाने एका खोलीत होती. नवरा गावात आहे, हे तिला कळले होते. तो इथून तसाच गेला असता, तर नवरा जिवंत असून ती जन्मभर विधवा राहिली असती. याच्या डोक्यात ते येत नव्हते. याला वाद जिंकायचा होता.

सातव्या दिवशी मी त्याला म्हणालो, "वरून सगळे सारखे दिसत असेल. ती खाली राहते. काकांनी मला विचारले तेव्हा मी तू येणार नाहीस असे सांगितले. ती चूक माझी. ती तू जन्मभर तिला भोगायला लावणार असशील, तर आजच माझी ओसरी सोड."

 तो उठून भटजींकडे गेला.

गूळ करायच्या काहिलीत तूप आणि पाणी घालून त्याला बसवले. पावणेसहा फुटांचा माणूस, गुडघे हनुवटीला. भटजी मंत्र म्हणत होते, आणि बायका पदरात हसत होत्या. त्याने भटजींना सांगितले, "चालू द्या. मन्हा विमानमा याथून बी कमी जागा ऱ्हास." त्याला पुसले, धडुत्यात गुंडाळले. आत्याने कानात नाव सांगितले, जुनेच. मग अंतरपाट धरला. पडदा बाजूला झाला तेव्हा तिने नवऱ्याच्या खंगलेल्या अंगाकडे पाहिले आणि सर्वांसमोर एवढेच म्हणाली, "वाळी गयात तुम्ही."

 त्याला शीळ घालता आली नाही.

उरलेले तीन दिवस तो चहाच्या दुकानात फिरकला नाही. चौथ्या दिवशी दोंडाईच्याच्या गाडीसाठी पहाटे निघाला. ती तापीच्या उतारापर्यंत बरोबर गेली. आमच्याकडे सुना तशा जात नसत.

पावसाळ्यानंतर त्याच्या अधिकाऱ्याचे पत्र आले. ते काकांच्या हाती न देता ती स्वतः माझ्याकडे घेऊन आली. काका मागोमाग आले. "समदं वाचा," ती म्हणाली, "आनि जे लिखेल शे तेच सांगा."

मी वाचले. विमान उतरताना पेटले. धावपट्टीवर, सोबत्यांच्या डोळ्यांसमोर. त्यांनीच तिथे त्याला अग्नी दिला. पत्रात जे लिहिले होते तेवढेच मी सांगितले. 

काकांचा चेहरा उतरला होता. मागचा प्रकार त्यांना चांगलाच लागला होता. ते म्हणाले, घाई नको, पुन्हा तसे व्हायला नको, या वेळी बारा वर्षे थांबू.

"नही," ती म्हणाली. "आते खरं शे."

तिने पत्र मागून घेतले, घडी घातली आणि काका दारातून बाजूला होण्याची वाट पाहिली. ते झाले. ती एकटी घरी गेली, आणि बांगड्या तिने स्वतःच्या हाताने उतरवल्या.