द्वादशीला आलेली अंबाक्का

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो त्या वृद्ध गृहस्थांना नाही. देवापुढे बसलो असताना ही गोष्ट मनात आली, की मी पुढचा श्लोक जरा मोठ्यानं म्हणायला लागतो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे मी आधी त्याची किंमत करतो आणि मग बोलतो. ती सवय आहे माझी.

मी घासाघीस करून वर आलेला माणूस आहे. वडील लवकर गेले. ओरत्तनाडूच्या बाजारात पितळी भांडी विकली, मग तंजावुरात एका वकिलाकडे टंकलेखन केलं, आणि सव्विसाव्या वर्षी, बरोबरीची मुलं बाप झाली तेव्हा, मद्रासला कायदा शिकायला गेलो. मला राग फार लवकर येतो. आणि आलेला राग मी सोडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो — त्यानं माझा गुन्हा कमी होतो म्हणून नव्हे. पुढचं तुम्हाला नीट कळावं म्हणून.

मद्रासला शिकणारे आम्ही तंजावूरचे सहा-सात विद्यार्थी मिळून कायद्याचं एक नियतकालिक चालवत होतो. वर्षातून दोन अंक. इंग्रजीत निकालांवरच्या टिपण्या, दोन-तीन लेख, शेवटी चार पानं तमिळमध्ये. सुट्टीत घरी आलो की तंजावुरातच छापून घ्यायचो. संपादक सेतुमाधव. नावाजलेल्या वकिलाचा मुलगा, घरात भिंतभर कायद्याची पुस्तकं, बोलणं गोड. मुखपृष्ठावर पाच नावं असत, त्यांत पहिलं त्याचं. माझं नाव आतल्या पानावर, अगदी खाली, छापखान्याच्या पत्त्याच्या वर — व्यवस्था पाहणारा म्हणून. कागद मी आणायचो. छापखानेवाल्याशी मी भांडायचो. जाहिराती मी मिळवायचो. मुद्रितंसुद्धा निम्मी मीच तपासायचो. आणि संपादक मंडळाची बैठक भरली, की कॉफी सांगायला माझ्याकडेच बघायचे. आजही, इतक्या वर्षांनी, हे लिहिताना माझे कान तापले आहेत. बघा.

आता अंबाक्काबद्दल. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून बसलो आणि अजून स्वतःबद्दलच लिहितो आहे, नाही का?

अंबाक्का आमच्या गल्लीतली स्वयंपाकीण. आमच्याच मराठी लोकांतली, विधवा. लग्नं, मुंजी, श्राद्धं, सगळ्या घरचा स्वयंपाक तिच्या हातचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गल्लीचं पंचांग तीच होती. कुणाचं श्राद्ध कुठल्या तिथीला, यंदा अधिक महिना कधी, संकष्टी आज की उद्या, सगळे तिलाच विचारत. तिची एक तिथी कधी चुकली नाही. वडील गेल्यावरची दोन वर्षं मी तिच्या ओट्यावर बसून जेवलो आहे. सांबार वाढताना ती म्हणायची, "गोविंदू, पान बघून जेव, माझ्या तोंडाकडे बघून नको." मला संकोच वाटू नये म्हणून.

पहिल्या निवडणुकीआधी नावं लिहून घ्यायला माणूस आला, तेव्हा तिनं नाव सांगितलं नाही. परक्या पुरुषाला बाईनं आपलं नाव सांगायचं नसतं, हीच तिची रीत. ती म्हणाली, लिहा वेंकोबाची आई. वेंकोबा तिचा मुलगा, पापनाशमच्या तांदळाच्या गिरणीत कामाला. नावं लिहिणाऱ्यानं तसंच लिहिलं. पुढे वरून हुकूम आला, अमक्याची आई, तमक्याची बायको ही नावं नव्हेत, ती काढून टाका. मतदानाच्या दिवशी अंबाक्का पहाटे न्हाऊन रांगेत पहिली उभी होती. यादीत ती नव्हती. परत पाठवली. अशा कितीतरी बायका परत गेल्या त्या दिवशी.

दुसऱ्या निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यात नियतकालिकातर्फे मताच्या हक्कावर परिसंवाद ठेवायचं ठरलं. प्राध्यापक येणार, वकील येणार. बैठकीत मी म्हटलं, हे सगळे मत देऊन आलेले लोक. जिचं मत गेलं अशी एक बाई बोलावूया, अंबाक्काला. मग सगळ्यांना ते एकदम पटलं. कल्पना माझी होती. हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं — कल्पना माझी होती.

अंबाक्का आधी नाहीच म्हणाली. आठवडाभर मी तिच्यामागे लागलो. घासाघीस येते मला. शेवटी तयार झाली, आणि मग मात्र तिनं ते फार मनावर घेतलं. तीन वाक्यं तयार केली. माझं नाव अंबाबाई. मी रांगेत उभी होते. मला माझं मत पाहिजे. भाजी चिरताना ती पुटपुटायची. पहिलं वाक्य म्हणताना दर वेळी तिचा आवाज खाली जायचा, आणि ती ते पुन्हा म्हणायची. दिवसही तिच्या सोयीनं एकादशीचा धरला, कारण त्या दिवशी घरोघरी उपास, तिला कुठलं बोलावणं नसतं.

परिसंवादाच्या चार दिवस आधी कार्यक्रमपत्रिका छापून आली. मुद्रित सेतूनं स्वतः पाहिलं होतं, मला दाखवलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं — एका मतदाराची साक्ष, संकल्पना व प्रास्ताविक सेतुमाधव.

मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांची अशिलं बाहेर बसली होती, त्यांच्यासमोर मी आवाज चढवला. मुखपृष्ठावर नाव पाहिजे म्हणालो. मग निदान प्रास्ताविक तरी मला करू दे म्हणालो. तो चिडलासुद्धा नाही. हसून म्हणाला, "गोविंदराव, तुम्ही खुर्च्या छान आणता. बोलायचं आमच्यावर सोडा." अशिलांपैकी कुणीतरी हसलं.

इथवर कुणीही माझी बाजू घेईल. मीही घेतो. इतकी वर्षं ही गोष्ट मी मनात इथवरच सांगत आलो आणि इथेच थांबलो.

त्याच संध्याकाळी मी अंबाक्काकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, अक्का, सभा एक दिवस पुढे गेली, द्वादशीला संध्याकाळी आहे. ती म्हणाली, "सरी, बरं. द्वादशीला सकाळी एका घरी पारण्याचा स्वयंपाक आहे, तो उरकून येते." एवढंच. एक वाक्य. पुढे कोर्टात मी किती खोटं बोललो असेन, पण त्यात काही कसब लागायचं. हिच्यापुढे काहीच लागलं नाही. सेतूच्या मंडळींपैकी कुणी स्वयंपाकिणीच्या घरी जाऊन खरं सांगणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

एकादशीला छत्रातला, म्हणजे गावच्या धर्मशाळेतला, दिवाणखाना भरला होता. पंखे कमी पडले. सेतूनं प्रास्ताविक सुंदर केलं, मग दाराकडे हात केला — आणि दारात कुणी नव्हतं. मला वाटलं होतं, त्याची फजिती बघून माझा राग शांत होईल. झालाही, क्षणभर. मग तो घाईघाईनं माझ्याजवळ आला, काय झालं विचारलं. मी म्हणालो, ती घाबरली.

हा शब्द मी आयत्या वेळी सुचला म्हणून वापरला का? मी स्वतःला तसंच सांगत असे. पण त्या दिवशी मी इस्त्री केलेला सदरा घालून गेलो होतो. खुर्च्या उचलायला जाणारा माणूस इस्त्रीचा सदरा घालतो का?

सेतू म्हणाला, तुम्हीच बोला मग, तुम्हाला तिची हकीकत माहीत आहे. आणि मी बोललो. तिचं न्हाणं, तिची रांग, तिला परत पाठवणं. तिची तिन्ही वाक्यं मी माझ्या तोंडानं म्हटली. शेवटी मी म्हणालो, ती बाई आज इथे यायलासुद्धा घाबरली, यावरून समजा तिच्यावर किती दडपण आहे. टाळ्या झाल्या. खूप झाल्या. प्राध्यापकांनी हात हातात घेतला. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर माझं नाव सेतूच्या खाली आलं, आणि त्याच भाषणाच्या जोरावर एका मोठ्या वकिलानं मला हाताखाली घेतलं. आजची माझी पाटी तिथून लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी छत्रातल्या खुर्च्या हातगाडीवर चढवून घेत होतो. अंबाक्का आली. धुवट लुगडं, हातात पिशवी. तिनं रिकामा दिवाणखाना पाहिला, माझ्याकडे पाहिलं. काल झाली का रे, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, "अक्का, एकादशीच सांगितली होती मी."

ती भांडली असती तर? दोन शब्द बोलली असती तर मी त्यांच्यावर आणखी चार चढवले असते, आणि मला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाली, "माझंच ऐकण्यात चुकलं असेल रे बाळा, कण्णा. तुझी सगळ्यांत मान खाली गेली असेल माझ्यापायी." आणि तिनं माझी माफी मागितली. मी म्हणालो, असू दे.

असू दे म्हणालो मी.

परिसंवादाचा अंक निघाला तेव्हा मागच्या तमिळ पानांत एक ओळ होती, की निमंत्रित मतदारबाई भीतीमुळे आल्या नाहीत. ती ओळ मी मुद्रितात वाचली होती. काट मारायला हातात पेन्सिल होती. त्याच पानावरची दुसरी एक चूक मी सुधारली. वेंकोबानं पापनाशमला तो अंक पाहिला, सुट्टी काढून आला, आईला बोलला असावा, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाला, अण्णा, आईमुळे तुम्हाला त्रास झाला. मी त्याला कॉफी दिली.

अंबाक्काची तिथी चुकली, ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. पोरं तिला हाका मारून विचारायची, अक्का, आज एकादशी की द्वादशी? पहिल्यांदा ती हसायची. मग तिनं कुणाला तिथी सांगणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायची, भटजींना विचारा, माझं आता चुकतं. स्वयंपाकाची बोलावणी घेतानाही ती दिवस तीन-तीनदा विचारून घ्यायची. ज्या बाईची एक तिथी कधी चुकली नव्हती, ती.

दुसऱ्या निवडणुकीत तिचं नाव यादीत आलं होतं, पूर्ण नाव, वेंकोबानं लिहून दिलेलं. मी एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसलो होतो, यादी माझ्यासमोर होती. मी सकाळपासून दाराकडे बघत होतो. रांग संपली, दार बंद झालं. तिच्या नावापुढे खूण झाली नाही. वेंकोबानं नंतर सांगितलं, तो न्यायला आला होता. ती म्हणाली, आज नसेल रे, नीट विचारून ये. तो कितीदा सांगणार? तिसऱ्या निवडणुकीलाही ती गेली नाही.

अंबाक्का अजून आहे. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते, वेंकोबाची बायको तिचं करते. ऐकू तिला चांगलं येतं. मी कोर्टात जातो तो रस्ता तिच्या दारावरून आहे, आणि ती ओट्यावर बसलेली असली की मला हाक मारते, जेवलास का विचारते.

आणि मी हे देवनागरीत लिहितो आहे. आमच्या तंजावुरात मराठी बोलतात सगळे, पण ही लिपी वाचणारी माणसं शोधावी लागतात. वेंकोबाला ती येत नाही, त्याच्या मुलांनाही नाही. तमिळमध्ये लिहिलं असतं तर आठवड्याभरात कुणीतरी तिला वाचून दाखवलं असतं. मला तमिळ उत्तम येतं. मी हे मराठीत लिहायचं ठरवलं, विचार करून ठरवलं.