बुडालेल्या बाभळींपाशी

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. मासे धरायची हौस असलेल्या माणसाला इथे धरणाच्या काठावरच बसावं लागतं. मी मलकापुरात एका जिनिंगमध्ये फिटर आहे. कपाशीचा हंगाम सरला, मशिनं थंड पडली, की रविवारी सकाळी रॉड मोटरसायकलला बांधून मी धरणावर जायचो. चाचांची ओळख तिथलीच.

चाचा शिंपी आहेत. बाजारात त्यांचं दुकान आहे आणि वयाने ते माझ्या वडलांच्या जवळपासचे. पहिल्यांदा भेटले तेव्हा मी वाऱ्याकडे पाठ करून आरामात बसलो होतो, आणि सकाळपासून एकही मासा लागला नव्हता. ते शेजारी येऊन उकिडवे बसले आणि पाण्यावर तरंगणारं माझं बूच बघत राहिले. मग म्हणाले की वारा पाण्यावरचे किडे, पालापाचोळा, फेस सगळं समोरच्या काठाला नेऊन टाकतो, आणि मासा त्याच्या मागे जातो. तोंडावर वारा घेऊन बसायला त्रास होतो, पण मासा तिथेच असतो. आम्ही दोघं सामान उचलून पलीकडे गेलो. दुपारपर्यंत माझ्या पिशवीत दोन रोहू होते.

नंतर ते असंच एकेक सांगत गेले. तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करायची, नाहीतर घासून तिथेच कमजोर होते. सरकीची ढेप रात्रभर भिजवून कणकेत मळायची, तिच्या वासाला रोहू लांबून येतो. उन्हात आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गळ झाडात अडकला तर ओढत बसायचं नाही, तोडून टाकायचा. हे शेवटचं ते पुन्हा पुन्हा सांगायचे, कारण आमच्या बाजूला पाण्याखाली जुन्या बाभळी होत्या. धरण भरलं तेव्हा कोणी त्या तोडल्या नव्हत्या. पाणी उतरलं की त्यांचे काळे शेंडे वर दिसायचे, आणि मोठे मासे नेमके त्यांच्याच आडोशाला असायचे.

तिसरा सोबती नंतर आला. तो वायरमन होता, वडनेर भोलजीचा, नोकरीला मलकापुरात. काठावर बसून तो कंटाळायचा. मुंबईकडच्या कोणाकडून त्याने एक जुनी कयाक घेतली, प्लास्टिकची, पिवळी, एका माणसापुरती. टेम्पोत टाकून ती धरणावर आणली तेव्हा आजूबाजूच्या गावची माणसं बघायला जमली. आम्ही तिला होडीच म्हणायचो. तो वल्हं मारत बाभळींमध्ये शिरायचा, मासा कुठे फिरतो ते बघायचा आणि लांबून हाताने खूण करायचा. मग आम्ही काठावरून तिकडे गळ फेकायचो. कोणाचाही गळ झाडात अडकला, अगदी अनोळखी माणसाचा, तरी तो जाऊन सोडवून आणायचा. दुपारी सगळ्यांच्या भाकरी एकाच चादरीवर सुटायच्या. त्याची बायको मिरचीचा ठेचा द्यायची, चाचांच्या घरून खिमा असायचा, माझ्याकडे बहुधा नुसतं पिठलं. काठावर नवीन कोणी आलं की त्यालाही आम्ही बसवून घ्यायचो.

उन्हाळ्याच्या तोंडावरचा एक रविवार होता. ऊन चढलं होतं. वायरमन लाइफ जॅकेट नेहमी घालायचा. खांबावर चढताना हातमोजे घालणारा माणूस होता तो. पण त्या दिवशी घामाने जीव नकोसा झाला म्हणून त्याने जॅकेट काढून होडीच्या मागच्या बाजूला बांधून ठेवलं. आम्ही दोघांनी ते पाहिलं. वारा नव्हता, तो पट्टीचा पोहणारा होता, म्हणून कोणी काही बोललं नाही.

दुपारनंतर वारा सुटला. तो परत काठाला यायला निघाला होता, तेवढ्यात चाचांचा गळ बाभळीत अडकला. चाचा तंगूस तोडायला निघाले. त्याने लांबून हात वर करून त्यांना थांबवलं.

"सोड रे, तोडून टाकतो मी," चाचा ओरडले. "वारा सुटला."

"तुमी बांधेल गळ हाये तो, चाचा. दुकानात भेटत नाई. आनतो, थांबा."

त्याने होडी वळवली. ती वाऱ्याला आडवी झाली. शेंड्याला धरून तो वाकला, पाण्यात हात घातला आणि होडी कलंडली. फार आवाजही झाला नाही. पिवळा तळ वर आलेला दिसला, आणि आम्ही त्याचं डोकं वर यायची वाट बघत उभे राहिलो. एकदा ते आलं. तो आमच्याकडे बघून काहीतरी बोलला असं मला अजून वाटतं. मग तो खाली गेला तो गेलाच.

चाचांना पोहता येत नाही. मी पाण्याचा रिकामा कॅन छातीशी धरून पाण्यात उतरलो. होडीपाशी पोचेपर्यंत माझा दम निघाला. तळाला धरून मी त्याला हाका मारल्या, पाय खाली सोडून चाचपडलो. पायाला फांद्या लागत होत्या, आणि आणखी काहीतरी मऊ, जाळीसारखं. कोणीतरी कधीकाळी सोडून दिलेलं जाळं होतं ते. माझाही अंगठा त्यात गुंतला आणि मी घाबरून पाय ओढून घेतला. काठावर चाचा एकटेच उभे होते, रॉड अजून हातात, तंगूस अजून ताणलेलं.

गावातले मासेमार नाव घेऊन आले, पोलीस आले, वडनेरहून त्याचा मोठा भाऊ आला. मासेमारांनी दोरीला लोखंडी गळ बांधून पाणी चाळलं. प्रत्येक फेरीला गळ झाडात रुते, नाव थांबे, कोणी खाली वाकून तो सोडवे. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी काम थांबवलं. भाऊ काठावरून हलला नाही. आम्ही त्याच्याजवळ बसून राहिलो. त्याने एवढंच विचारलं, की धाकट्याने जेवण केलं होतं का. मी म्हटलं, केलं होतं.

सकाळी मासेमारांतला म्हातारा आमच्याकडे आला. म्हणाला, आमचे गळ जड आहेत, झाड लागलं की माणूस लागला ते हाताला कळत नाही. तुमचं तंगूस बारीक आहे, तुम्हाला कळेल. नावेत बसा आणि टाका.

मी चाचांकडे पाहिलं. ते खाली बसले आणि पिशवीतून सगळ्यात मोठे गळ काढले. मग एक दगड घेऊन त्यांनी एकेका गळाचं टोक घासायला सुरुवात केली. भावाने विचारलं, काऊन घासून राह्यले.

"कपड्यात अडकला तरी बस," चाचा म्हणाले. "अंगाले नको लागाले."

आम्ही दोघं नावेत बसलो. म्हातारा वल्हं मारत होता. ज्या हातांनी आम्ही रविवारमागून रविवार रोहू ओढले त्याच हातांनी, तसेच, शिशाचं वजन तळाला टेकू देऊन, हळूहळू रीळ फिरवत आम्ही त्याला शोधत होतो. झाड लागलं की टणक लागे. जाळं लागलं की लांबत जाई. मी काही वेळाने डोळे मिटूनच ओढायला लागलो. बघण्यासारखं काही नव्हतंच.

चाचांचा रॉड वाकला तेव्हा त्यांनी तो झटकला नाही. तसाच धरून ठेवला. तंगुसावर दोन बोटं ठेवली आणि जरा वेळ मान खाली घालून बसले.

"कापड हाये," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने नाव त्या जागी आणली आणि त्याचा मुलगा दोरी घेऊन खाली उतरला. पाय जाळ्यात गुंडाळलेले होते. गळ त्याच्या सदऱ्याच्या खिशाला लागला होता. तो सदरा चाचांनीच शिवलेला होता.

वडनेरला गेलो तेव्हा घरासमोर मंडप होता. आत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावलेल्या. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील म्हटलं, आणि चाचा टोपी घालून, हात जोडून, शेवटपर्यंत उभे राहिले. त्याची बायको नंतर त्यांच्याशी बोलली. आपलाच गळ सोडवायला तो वळला होता, हे चाचांनी तिला स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "त्याले कोनी थांबवू शकत नोतं. मीबी नाई." चाचांनी मान हलवली, पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं नाही.

होडी भावाने कोणाला तरी देऊन टाकली. मी धरणावर जायचं सोडलं नाही, पण बाभळींच्या बाजूला बसत नाही. चाचा यायचे बंद झाले.

मात्र त्या दिवसाची गोष्ट गावोगाव पसरली. काही महिन्यांनी नांदुऱ्याकडच्या एका गावाच्या पोलीस पाटलाचा फोन आला. नदीच्या डोहात बाई गेली होती, सापडत नव्हती. तुम्ही ते रॉडवाले ना, येता का, म्हणून विचारत होते. मी चाचांच्या दुकानात गेलो. वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं, कुलूप लावलं आणि माझ्यामागे मोटरसायकलवर बसले. तेव्हापासून असे फोन येतात. आम्ही जातो. माझ्या बायकोला ते आवडत नाही. परत आलो की ती मला आंघोळीशिवाय घरात घेत नाही आणि काही विचारतही नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर देऊळगाव राजाकडच्या एका धरणावरून बोलावणं आलं. तिथे जालन्याकडची गळवाली मंडळी आधीच काठावर उभी होती. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. त्यांनी सरकून आम्हाला जागा दिली. चाचांनी त्यांचेही गळ मागून घेतले आणि दगडावर घासून परत दिले. दुपारी बुडालेल्या पोराचा म्हातारा बाप आमच्या मागे येऊन थांबला. चाचांनी त्याला हाताला धरून झाडाखाली नेऊन बसवलं आणि परत आले. संध्याकाळच्या आत आमचं काम झालं.

येताना चिखलीला आम्ही चहाला थांबलो. चाचा कपाकडे बघत म्हणाले, "त्या दिसापासून म्या मासा खाल्ला नाई. तू खातं?"

मी खातो. तसं त्यांना सांगितलं.

"खात जा," ते म्हणाले, आणि चहा संपवून मोटरसायकलकडे चालू लागले.